पत्र्याची वॉरंटी कशाने जाते?

सोलापुरात अक्कलकोट रोडला किंवा चिंचोळी एमआयडीसीत नवी शेड उभी राहिली की पत्र्याच्या बिलासोबत वॉरंटीचा कागदही येतो. तो कपाटात जातो आणि गळती सुरू झाली की बाहेर निघतो. मागच्या पानावरच्या अटी तेव्हाच पहिल्यांदा वाचल्या जातात. कंपनीने स्वतःला सोडवून घ्यायला त्या घातल्यात, असं अनेक कारखानदार म्हणतात. मला ते पटत नाही. त्यातल्या बऱ्याच अटींमागे साधं रसायनशास्त्र आहे आणि ते समजलं की त्या जाचक वाटत नाहीत.

आजच्या बहुतेक शेडवर पोलादाचा पत्रा असतो आणि त्यावर गॅल्व्हॅल्यूमचा लेप: 55 टक्के ॲल्युमिनियम, सुमारे 43.4 टक्के जस्त, उरलेलं सिलिकॉन. नेहमीच्या पत्र्यावर हा लेप प्रत्येक बाजूला जेमतेम 20 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. वॉरंटी मुख्यतः या लेपाची आणि त्यावरच्या रंगाची असते. लेप गेला की खालच्या पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही.

लेप कशाने जातो? एसीच्या तांब्याच्या नळीवरून ठिबकणाऱ्या पाण्याने जातो. पाण्यासोबत आलेले तांब्याचे कण पत्र्यावर बसतात आणि त्यांच्याभोवतीचं जस्त-ॲल्युमिनियम विरघळत जातं. ओल्या सिमेंटच्या अल्कलीनेही लेप खराब होतो. गळती थांबवायला मिस्त्री फटीत जे सिलिकॉन सीलंट भरतो, त्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं. पत्र्याला न्यूट्रल, म्हणजे असं आम्ल न सोडणारं सीलंटच लागतं. सोलर बसवताना ड्रिलचा लोखंडी कीस पत्र्यावर राहिला तर पहिल्या ओलीतच गंजतो आणि लेपालाही डाग पाडतो. तो त्याच दिवशी झाडून काढायला हवा. कंपनीला विचारल्याशिवाय छताला भोक पाडू नये, ही अट यासाठीच असते.

एक गोष्ट मात्र उलटी वाटते. जिथे पाऊस पोहोचत नाही, तिथे पत्रा आधी खराब होऊ शकतो. उघड्या छतावरची धूळ पावसाने धुऊन जाते. वळचणीखाली आणि सोलर पॅनेलच्या आड ती वर्षानुवर्षं साठते. तिच्यातले क्षार रात्रीच्या हवेतली ओल ओढून घेतात आणि लेप आतल्या आत खात राहतात. म्हणून अशा जागा ठरावीक काळाने साध्या पाण्याने धुवाव्यात, असं अनेक पत्रा कंपन्या लिहून देतात. हे धुणं कोणी करत नाही, आणि दावा फेटाळायला एवढं कारण पुरतं.

आपल्याकडे यात मागाची रुई भर घालते. चादरी-टॉवेलच्या कारखान्यातल्या पंख्यांतून बाहेर पडलेले तंतू पन्हाळीत जाऊन बसतात, धुळीत मिसळून त्यांचा थर होतो आणि तो पाणी धरून ठेवतो. सोलापूरला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात येतो, त्यामुळे जूनआधी साफ केलेली पन्हाळ तोवर पुन्हा तुंबलेली असते. ऑगस्टअखेर एकदा माणूस वर चढवायलाच हवा.

उन्हाचा हिशेब वेगळा. मे महिन्यात पत्र्याचं तापमान दुपार ते पहाट 45 अंशांनी खालीवर झालं, तर 30 मीटर लांबीचा पत्रा सुमारे 16 मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. हा ताण रोज स्क्रूच्या भोकांवर येतो. भोकं लांबट होतात, रबरी वॉशर कडक होऊन तडकतात. सैल स्क्रू वेळीच बदलले तर खर्च किरकोळ असतो. बदलताना स्क्रू मूळच्याच प्रकारचा हवा.

सपाट स्लॅबवरच्या वॉटरप्रूफिंगला पाणी साचणं बाधतं. पाऊस थांबून 48 तास झाले तरी डबकं राहत असेल तर उतार किंवा पाणी खाली नेणारा नळ दुरुस्त करून घ्यावा.

हे सगळं केल्याची नोंद मात्र मालकानेच ठेवायची असते. पावसाळ्याआधी आणि नंतर तारखेसह काढलेले फोटो, सफाईच्या मजुरीची पावती, कोण कशासाठी छतावर गेलं त्याची वही. गळती दिसली की आधी कंपनीला लेखी कळवावं, मग हात लावावा; कळवण्याची मुदत कागदावरच असते. तोवर आत बादली ठेवा, ताडपत्री टाका, पण डांबर फासू नका. आणि तयार शेड विकत घेत असाल तर खरेदीखताआधी मूळ वॉरंटी मागून घ्या. मालक बदलल्यावर ती आपोआप नव्या नावावर येतेच असं नाही. काही कंपन्या तसा अर्ज मागतात.