दक्षिण आफ्रिकेतलं सत्तांतर खरंच रक्ताविना झालं?

‘दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपला तो रक्ताचा थेंबही न सांडता, निव्वळ चर्चेनं’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिकच. डोळ्यांसमोर राहतात त्या १९९४च्या मतदानाच्या लांबच लांब रांगा. पण त्याआधीच्या चार वर्षांत, गोरं सरकार आणि मंडेलांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस यांच्यात वाटाघाटी चालू असतानाच, राजकीय हिंसाचारात सुमारे १४ हजार माणसं मेली. १७ जून १९९२च्या रात्री बोइपाटाँग वस्तीत घराघरांत शिरून ४५ जणांना मारलं गेलं आणि बोलणी तुटली. सप्टेंबरात बिशो इथे सैनिकांनी काँग्रेसच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. गंमत नव्हे, पण त्याच महिन्याअखेरीस दोन्ही बाजूंनी लेखी समझोता केला! पडताळायचं तर नंतरच्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल सर्वांना खुला आहे. त्यात बोइपाटाँग आणि बिशो ही दोन्ही नावं शोधा.