उणे पंधरात वाळलेली जीन्स

"एवढो बर्फ पडता, आणि तुमी त्येका वाळवंट म्हणतास?"

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्याचे फोटो दाखवले की कणकवलीत हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याचा काही दोष नाही. वाळवंट म्हटलं की डोळ्यांसमोर उंट आणि तापलेली वाळूच येते. पण वाळवंट ठरतं ते उन्हावरून नव्हे, वर्षाकाठी आकाशातून किती पाणी पडतं त्यावरून. स्पितीसारख्याच कोरड्या लडाखातल्या लेहला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाचं पाणी भरतं जेमतेम १०० मिलिमीटर. आमच्याकडे जुलैत एका रात्रीत तेवढा कोसळतो आणि सकाळी त्याचं कोणी नावही काढत नाही.

फोटोंत बर्फ फसवतो तो त्याच्या फुगीरपणामुळे. ताजा, भुसभुशीत बर्फ मीटरभर साचला तरी वितळवल्यावर पाणी निघतं पाच ते दहा सेंटीमीटर. बाकी सगळी हवा. कंबरभर बर्फातून चालणारा माणूस म्हणजे आपल्या हिशेबी एका चांगल्या सरीतून चालणारा माणूस.

फेब्रुवारीत मनालीकडून कुंझूम खिंडीतून स्पितीत उतरता येत नाही, ती वाट बर्फाने बंद असते. म्हणून आम्ही कोकणातली मंडळी शिमल्याहून रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो करत स्पितीतल्या काझाला गेलो. हा रस्ता लांबचा आहे, पण पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कोरडा पट्टा, शिकायला याच्यासारखा रस्ता नाही. रिकाँग पिओपर्यंत देवदार सोबत करतात. पूह मागे पडलं की झाडं संपतात. खाबला सतलज आणि स्पिती नद्यांचा संगम लागतो, तिथून पुढे नुसते खडक, घसरती माती आणि त्यावर पिठीसारखा भुरभुरलेला बर्फ. आंबोलीचा घाट चढून देशावर उतरणाऱ्याला हे नवं नाही. महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. वारा डोंगर चढताना थंड होतो, वाफेचं पाणी करून अलीकडेच टाकतो आणि पलीकडे रिकाम्या हातांनी उतरतो. हिमालयात डोंगर पाचपट उंच, एवढाच फरक. हिवाळ्यातला बर्फ मात्र मोसमी वाऱ्यांचा नसतो. तो भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा, म्हणजे तिकडून सरकत येणाऱ्या हिवाळी वादळी पट्ट्यांचा. तेही वाटेतल्या रांगांवर बरंच ओझं उतरवून मगच इथे पोचतात.

आता मूळ मुद्दा. काझात आमच्या घरमालकिणीने धुतलेले कपडे बाहेर दोरीवर घातले. पारा उणे पंधरा. दहा मिनिटांत जीन्स इतकी ताठ झाली की भिंतीला टेकवून उभी करता आली. आमच्यातला एक म्हणाला, "ही आता एप्रिलात वाळणार." दोन दिवसांनी ती मऊ झाली होती आणि कोरडी होती. खाली जमिनीवर पाण्याचा एक थेंब पडलेला नाही. ज्यांच्या पडवीत जून ते सप्टेंबर कपड्यांना कुबट वास येतो, पापड सादळतात आणि मिठाला पाणी सुटतं, त्यांनी यावर विश्वास तरी कसा ठेवावा?

याला संप्लवन म्हणतात. घनातून थेट वाफ, मधली द्रव अवस्था गाळून. आरतीच्या तबकात राहिलेला कापराचा तुकडा झिजत झिजत नाहीसा होतो आणि मागे ओल ठेवत नाही, तसंच बर्फाचं. शाळेत व्याख्या पाठ केलेली असते, पण बर्फ असं करतो हे कोणी ठासून सांगत नाही.

बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू गोठलेले असले तरी स्वस्थ नसतात. सतत थरथरतात. सगळ्यांकडे सारखी ऊर्जा नसते. ज्याच्याकडे जरा जास्त, तो सुटतो आणि हवेत जातो. हवेत आधीच असलेले पाण्याचे रेणू उलट बाजूने येऊन बर्फावर आदळतात आणि चिकटतात. जाणारे जास्त आणि येणारे कमी असले की बर्फ झिजतो. हवा पाणी 'शोषते' ही बोलण्याची सोय झाली. प्रत्यक्षात ही फक्त आवक-जावक आहे.

जावक किती, हे बर्फाच्या तापमानावर ठरतं. उणे पंधराला बर्फाजवळच्या वाफेचा संतुलनाचा दाब, म्हणजे आवक-जावक सारखी होते तो दाब, असतो सुमारे १.६५ मिलिबार (मिलिबार हे हवेचा दाब मोजायचं माप). बाहेरच्या हवेत वाफेचा दाब समजा १.३ मिलिबार आहे. फरक थोडाच, म्हणजे सावलीतला बर्फ अगदी सावकाश झिजेल. पण गडद निळ्या जीन्सवर स्पितीचं ऊन पडतं. तिथलं ऊन काही औरच असतं, वर हवा विरळ आणि धूळ-वाफ नगण्य. जीन्स उणे पाचपर्यंत तापली तर तोच दाब होतो ४ मिलिबार. बर्फ अजून बर्फच आहे, वितळणं दूरच, पण जावक दुपटीच्या वर गेली आणि आवक होती तिथेच. त्यात वारा. सुटलेले रेणू तो तिथे रेंगाळू देत नाही.

पुष्कळ जण इथे चुकतात. "उंचावर दाब कमी असतो, म्हणून तसं होतं." पुस्तकातला आलेख आठवतो: ६.१ मिलिबारच्या खाली पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही, तो त्रिक बिंदू. पण काझात हवेचा एकूण दाब आहे ६४० मिलिबारच्या आसपास, त्याच्या शंभरपट. मग? तो आलेख आहे निव्वळ पाण्याचा, भोवती दुसरा वायू नसताना. उघड्या हवेत हिशेब लागतो तो हवेतल्या फक्त वाफेच्या वाट्याच्या दाबाचा. नायट्रोजन-ऑक्सिजनची गर्दी रेणूंची वाट थोडी अडवते, आणि गर्दी विरळ असली तर ती थोडी कमी अडते. उंचीचा हात इतपतच. हवा कोरडी असेल तर समुद्रसपाटीवरही बर्फ असाच उडेल.

काझात मोबाइलने आर्द्रता दाखवली ७० टक्के आणि मालवणला त्या दिवशी ६०, तर काझा अधिक दमट का? मुळीच नाही. ही टक्केवारी त्या-त्या तापमानाच्या कमाल मर्यादेची आहे. ३० अंशाला एका घनमीटरात कमाल ३० ग्रॅम वाफ असू शकते, शून्याला पाच ग्रॅम आणि उणे वीसला जेमतेम एक. म्हणजे मालवणचे ६० टक्के म्हणजे अठरा ग्रॅम; काझाचे उणे पंधरातले ७० टक्के म्हणजे साधारण एक. हवामानाच्या ॲपवाल्यांनी ग्रॅम दाखवायला सुरुवात केली तर निम्मे गैरसमज मिटतील.

जीन्सला दोन दिवस का लागले, तर ऊर्जेमुळे. किलोभर बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल पुरतात. तोच थेट वाफ करायचा तर सुमारे २,८३४ लागतात, साडेआठपट. आणि ही ऊर्जा जाते बर्फाच्याच खिशातून, म्हणून संप्लवन होत असलेला बर्फ स्वतःला गार ठेवतो आणि वितळण्यापासून वाचतो. यातूनच निसर्गाने एक अचाट गोष्ट केली आहे. १८३५ साली डार्विन सँतियागोहून मेंदोसाकडे अँडीज ओलांडत होता, तेव्हा त्याला खिंडीत बर्फाचे उभे सुळके दिसले. त्यांना पेनितेंतेस म्हणतात. बर्फात आधी बारीक खळगे पडतात. खळग्यात ऊन भिंतींवर आपटत राहतं आणि हवा कोंडून दमट होते, म्हणून तिथे बर्फ वितळतो, स्वस्तात. वरच्या टोकाला कोरडा वारा असतो, तिथे संप्लवन चालतं, साडेआठपट महाग. तेवढ्याच उन्हात तळ भराभर खोल जातो, टोक टिकून राहतं, आणि माणसाएवढे, कधी त्याहून उंच सुळके उभे राहतात. ही विभागणी जमते ती दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ जमू लागते ते तापमान, शून्याच्या बराच खाली असेल तरच.

कापूर निघालाच आहे तर. आमच्या गाडीत दोघांकडे कापूर-ओव्याची पुरचुंडी होती. हुंगली की 'ऑक्सिजन वाढतो'. कोविडच्या काळात हीच पुरचुंडी मोबाइल ते मोबाइल फिरली होती. वासाने नाक मोकळं झाल्याचा भास होतो, रक्तातला प्राणवायू तसूभर वाढत नाही. काझाच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, फक्त हवाच दोन-तृतीयांश. त्यावर उपाय म्हणजे हळूहळू चढणं, आणि आमची रिकाँग पिओवरून, किन्नौर जिल्ह्यातून जाणारी लांबची वाट ते आपोआप करून घेते. कापूर मुलांच्या पोटात गेला तर झटके येतात, हे पुरचुंडीबरोबर कोणी पाठवत नाही.

घराच्या आत उलटा खेळ. खोलीत बुखारी, म्हणजे लोखंडी शेगडी, पेटलेली, तिच्यावर पाण्याची किटली, आणि आम्ही सहाजण श्वास सोडतोय. पहाटे बुखारी विझली की काचेच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी. नखाने खरवडली तर कोरडी भुकटी निघाली. हवेतली वाफ पाणी न होता थेट काचेवर गोठली होती.

हा कोरडेपणा माणसालाही सोडत नाही. श्वासाबरोबर घनमीटरमागे एक ग्रॅम वाफ आत येते, आणि फुप्फुस ती हवा ३७ अंशांना तापवून ओली करून सोडतं. नाक त्यातली थोडी परत मिळवतं, तरी दिवसाला पाव ते अर्धा लिटर पाणी नुसतं श्वासातून जातं. थंडीत तहान लागत नाही, म्हणून ते लक्षात येत नाही. ओठ फाटतात, नाकातून रक्त येतं, आणि आमच्याकडची माणसं त्याला "उष्णता झाली" म्हणतात. ताबोच्या अलीकडे ग्यू गावात एका भिक्षूची सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची ममी आहे. १९७५ च्या भूकंपानंतर ती उजेडात आली. तिची नखं-केस अजून वाढतात असं तिथे सांगतात. नख वाढायला जिवंत पेशी लागतात. वाळलेली त्वचा आकसून मागे सरली की नख लांब दिसतं, इतकंच. ९९६ साली स्थापन झालेल्या ताबोच्या मठाच्या मातीच्या भिंती टिकल्या, त्यालाही हीच कोरडी हवा कारण. कोकणात तसल्या भिंती दोन पावसाळे काढतील का, शंका आहे.

मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने संप्लवन म्हणजे चोरी. मटार आणि सातूला पाणी लागतं उन्हाळ्याच्या तोंडावर, ते येतं वितळलेल्या बर्फातून. जो बर्फ फेब्रुवारीतच हवेत उडाला, त्याचं पाणी पाटात उतरत नाही. लडाखमध्ये सोनम वांगचुक यांनी हिवाळ्यात पाणी फवारून, गोठवून उभे केलेले बर्फाचे स्तूप शंकूसारखे आहेत ते यामुळेच: तेवढ्याच पाण्याला पसरट थरापेक्षा कमी पृष्ठभाग, आणि ऊन काय, कोरडा वारा काय, दोघेही पृष्ठभागावरच डल्ला मारतात. कल्पना छानच आहे. त्याच्याही कितीतरी आधी लडाखचेच अभियंते चेवांग नोरफेल यांनी ओढ्यांचं पाणी बांधांआड गोठवून तेच साधलं होतं. पण वाहिन्या त्याला 'आटत्या हिमनद्यांवर उपाय' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. स्तूप हिमनदी परत आणत नाही, हिवाळ्यातलं पाणी वसंतापर्यंत राखून ठेवतो. आणि फवारलेल्या शंभर लिटरांतले किती लिटर मे महिन्यात शेतात पोचले, हा आकडा त्या बातम्यांत क्वचितच असतो. स्तूपाची उंची मात्र हमखास असते.