सी ड्राइव्ह मोकळा, तरी अपडेटला जागा नाही

९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी५०३४४४१ या क्रमांकाचे सुरक्षा अपडेट दिले आणि लगेचच असंख्य घरगुती संगणकांवर एकच प्रकार दिसू लागला. अपडेट उतरायचे, बसू लागायचे आणि ‘०एक्स८००७०६४३’ हा संकेतांक दाखवून थांबायचे. एरवी संगणक ठणठणीत.

हे संकेतांक सोळाच्या पायावरील अंकपद्धतीत लिहिलेले असतात; सुरुवातीचे ‘०एक्स’ ही तिची खूण. त्यानंतरचा ८ म्हणजे ‘काम फसले’, पुढचा ७ म्हणजे ‘उरलेला भाग विंडोजच्या मूळ त्रुटियादीतला आहे’, आणि शेवटच्या ६४३ चे आपल्या दशमान पद्धतीत रूपांतर केले की १६०३ ही संख्या मिळते. यादीत तिचा अर्थ ‘स्थापनेदरम्यान गंभीर त्रुटी’ एवढाच आहे. अपडेट का बसले नाही, या प्रश्नाला संगणकाने ‘ते बसले नाही’ असे उत्तर दिले, असे म्हणायला हरकत नाही. डिस्क भरल्याची त्रुटी या यादीत ११२ व्या क्रमांकावर आहे आणि तिचा संकेतांक ०एक्स८००७००७० असा होतो. खरे दुखणे जागेचेच होते, पण तो संकेतांक पडद्यावर आला नाही; आणि आला असता, तरी सी ड्राइव्हवर शंभर जीबी मोकळे पाहून मालक अधिकच गोंधळला असता.

कारण ही जागा सी ड्राइव्हवरची नव्हती. विंडोज स्वतःसाठी डिस्कचा एक लहान भाग, म्हणजे रिकव्हरी पार्टिशन, राखून ठेवते. त्याला ड्राइव्हचे अक्षर नसल्यामुळे तो एरवी दिसत नाही. मुख्य विंडोज सुरूच झाली नाही, तर दुरुस्तीसाठी लागणारी एक छोटी विंडोज तिथे असते. तिच्यातील एका त्रुटीमुळे, संगणक ज्याच्या हाती पडेल त्याला बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप चुकवता येण्याची शक्यता होती, आणि ती बंद करण्यासाठीच हे अपडेट होते. त्याला त्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. जुन्या संगणकांवर तेवढी नसे. दिवाणखाना प्रशस्त आहे, पण माळा भरलेला आहे, अशी ही स्थिती.

अपडेट फसले की अपडेटची साठवण रिकामी करणे, विंडोजच्या फायली तपासून घेणे, विंडोजचा ट्रबलशूटर चालवणे हे उपाय सरसकट सांगितले जातात. उतरलेली फाइल खराब असेल तर ते उपयोगी पडतात. इथे मात्र त्यांतला एकही लागू नव्हता, कारण फायलींमध्ये दोषच नव्हता.

आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून ‘रीएजंटसी /इन्फो’ (reagentc /info) ही आज्ञा दिली की ती छोटी विंडोज चालू आहे का आणि कोणत्या पार्टिशनमध्ये आहे, हे कळते. रिकव्हरी पार्टिशनच नसेल, तर या अपडेटची गरज नाही आणि त्रुटीकडे दुर्लक्ष करावे, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले होते. असेल, तर ती छोटी विंडोज तात्पुरती बंद करून सी ड्राइव्ह २५० एमबीने आखडायचा, जुने रिकव्हरी पार्टिशन पुसून मोठे पार्टिशन करायचे आणि ती पुन्हा चालू करायची. सी ड्राइव्ह शेवटाकडून आखडतो, म्हणून रिकव्हरी पार्टिशन त्याच्या लगेच मागे असेल तर काम सरळ होते. जुन्या मांडणीत ते सी ड्राइव्हच्या आधी असते, आणि मग नवे पार्टिशन शेवटी करावे लागते. यात पार्टिशनचा क्रमांक चुकला तर भलतेच पार्टिशन पुसले जाते. म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि बिटलॉकरची ‘रिकव्हरी की’, म्हणजे ते कुलूप उघडणारी किल्ली, कागदावर उतरवून घेतल्याशिवाय या कामाला हात लावू नये. सर्वसामान्य वापरकर्त्याकडून एवढ्या शस्त्रक्रियेची अपेक्षा ठेवणे मला तरी अवाजवी वाटते.

आपोआप होणारा उपाय देता येणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने पुढे जाहीर केले. ऑगस्ट २०२४ मध्ये या अपडेटच्या जागी केबी५०४२३२० आले, आणि पुरेशी जागा नसलेल्या संगणकांना ते देऊच केले गेले नाही. त्या संगणकांवरचा त्रुटीचा संदेश त्यामुळे थांबला. रिकव्हरी पार्टिशनमधील ती छोटी विंडोज मात्र तिथे जुनीच राहिली.