टर्न-बेस्ड आरपीजी

ज्या रोल-प्लेइंग गेममध्ये लढाई पाळीपाळीने चालते, त्याला टर्न-बेस्ड आरपीजी म्हणतात. खेळाडू एक नायक किंवा तीन ते सहा जणांची पार्टी हाती घेतो आणि त्यांच्यासह एका लांबलचक कथेतून जातो. मोठ्या खेळात हा प्रवास ३० ते १०० तासांचा असतो. वाटेत लढाई उभी राहिली की खेळ थांबतो आणि विचारतो, आता कोण काय करणार? उत्तराला कितीही वेळ लागला तरी चालते, म्हणून बोटांच्या चपळाईचा इथे फारसा उपयोग नाही. पैसा, औषधे, मंत्रशक्ती हे सगळे संपले तरी पुन्हा मिळते, पण वाया गेलेली टर्न त्या लढाईत परत येत नाही. या प्रकारातले बहुतेक डावपेच त्यामुळे एकाच हिशेबावर येऊन थांबतात: आपल्या वाट्याला जास्त टर्न कशा येतील आणि शत्रूच्या कशा बुडतील.

उगम

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळात याचे मूळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो युद्धखेळांच्या नियमांतून घडवला. टेबलाभोवती बसलेली माणसे एका वेळी एकच बोलू शकतात, तेव्हा पाळी हवीच होती. १९८१ मध्ये ॲपल टू संगणकावर आलेल्या ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ यांनी फाशांचे गणित यंत्राकडे सोपवले. ‘विझर्ड्री’ निर्दय होता. मेलेल्या पात्राला उठवण्याचा प्रयत्न फसला तर त्याची राख होई, आणि राखेवरचा प्रयत्नही फसला तर पात्र कायमचे जाई.

जपानमध्ये युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने (१९८६) ही धार बोथट केली. हरल्यावर जवळचे निम्मे सोने जाते, पण मिळवलेला अनुभव राहतो; म्हणजे हरलेला खेळाडूही पुढच्या खेपेला थोडा बळकट होऊन येतो. घरगुती कन्सोलवर हा प्रकार रुजला त्यात या एका नियमाचा वाटा मोठा आहे. पुढच्याच वर्षी ‘फायनल फँटसी’ आला. जपानी शाखेत पात्रे आणि त्यांची कहाणी सहसा आधीच ठरलेली असते आणि लढाई मेनूतून चालते. पाश्चात्त्य शाखेत नायक खेळाडूच घडवतो, आणि ‘फॉलआउट’सारख्या (१९९७) खेळांत लढाईतले अंतर, जागा आणि आडोसा यांनाही महत्त्व येते.

टर्न कोणाची?

नवा खेळ हाती घेतला की सर्वांत आधी पाहायचे ते हे. सगळ्यात जुन्या पद्धतीत संपूर्ण पार्टीला एकदमच हुकूम द्यावे लागतात आणि मग वेगाच्या क्रमाने ते पार पडतात. हुकूम देणे आणि तो घडणे यात अंतर पडते, आणि नवशिक्याची फसगत इथेच होते. बरे करणारे पात्र संथ असेल तर त्याची पाळी येईपर्यंत जखमी साथीदार मेलेला असतो. पहिल्या ‘फायनल फँटसी’च्या मूळ आवृत्तीत तर दोघांना एकाच शत्रूवर सोडले आणि पहिल्याच्या घावाने तो पडला, तर दुसऱ्याचा वार हवेत जाई. अशा खेळांत औषध जखम झाल्यावर नव्हे, होण्याच्या एक फेरी आधी द्यायचे असते.

‘फायनल फँटसी ४’ने (१९९१) प्रत्येक पात्राला पडद्यामागे भरत जाणारी वेळेची पट्टी दिली. पट्टी भरली की टर्न. मालिकेतल्या नंतरच्या अशा खेळांत ‘वेट’ हा पर्याय निवडल्यास मंत्रांची किंवा वस्तूंची यादी उघडी असेपर्यंत वेळ थांबते. नवख्याने तोच निवडावा. ‘फायनल फँटसी १०’ (२००१) पुन्हा शुद्ध पाळीवर आला आणि पुढच्या टर्नचा क्रम पडद्यावर मांडू लागला. कोणती चाल केली तर आपले नाव यादीत किती खाली जाईल, हे तिथे आधीच दिसते. सातपैकी तिघेच मैदानात असतात आणि लढाईच्या मध्येच त्यांची अदलाबदल करता येते.

‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) लढाईच्या सुरुवातीला प्रत्येकाचा इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळीच्या क्रमातला आकडा, ठरतो. टेबलावरच्या नियमांत त्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकतात, इथे चार बाजूंचा. बदल छोटा दिसतो, पण त्यामुळे नशिबाचा हिस्सा आक्रसतो आणि पात्राच्या चपळाईचा गुण जवळजवळ निर्णायक होतो. प्रत्येक टर्नमध्ये एक ॲक्शन (मुख्य चाल), एक बोनस ॲक्शन (छोटी जोडचाल) आणि ठरावीक अंतराची हालचाल मिळते. न वापरलेले पुढे जात नाही. ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’मध्ये (२०१७) उलटा न्याय आहे: दर टर्नला सहसा चार ॲक्शन पॉइंट (चालींवर खर्चायचे गुण) मिळतात आणि शिल्लक धरून सहापर्यंत साठवता येतात, म्हणून पहिल्या टर्नला दोन पॉइंट राखून दुसऱ्या टर्नला तडाखा देणे ही तिथली रुळलेली चाल आहे.

टर्न हेच चलन आहे, हे सर्वांत उघडपणे मांडले ते ‘शिन मेगामी टेन्सेई ३’ने (२००३). पार्टीत जितके जण, तितकी टर्नची चिन्हे. शत्रूच्या दुर्बळ बाजूवर वार झाला किंवा क्रिटिकल (नशिबाने बसणारा जादा जोराचा घाव) लागला की अर्धेच चिन्ह खर्च होते, म्हणजे चौघांना एका फेरीत आठ चालीपर्यंत मिळू शकतात. वार चुकला तर दोन चिन्हे जातात. शत्रूने तो परतवला किंवा शोषला तर उरलेली सगळीच. शत्रूलाही हाच नियम असल्याने आपल्या एका पात्राची उघडी दुर्बळता अख्ख्या पार्टीला भोवते. या खेळात बलाढ्य पण छिद्र असलेल्या पात्रापेक्षा मध्यम पण निर्दोष पात्र बरे.

काही खेळ पाळीच्या आत हातचलाखीही मागतात. ‘सुपर मारिओ आरपीजी’त (१९९६) नेमक्या क्षणी बटण दाबले की घाव वाढतो, ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३’मध्ये (२०२५) शत्रूच्या टर्नला वार चुकवता किंवा उलटवता येतो. चुकवण्याला वेळेची सवलत जास्त आहे, तेव्हा शत्रूची लय कळेपर्यंत तेवढेच करावे.

लढाईचे गणित

पहिला नियम: एकावर तुटून पडा. समजा चार शत्रू आहेत, प्रत्येकाचे बळ ३०, प्रत्येक जण फेरीला १० चा घाव घालतो. आपली पार्टी आधी खेळते आणि फेरीला एकूण ३० चा घाव घालते. दर फेरीत एकेकाला संपवले तर आपल्याला ३०, २० आणि १०, म्हणजे ६० सोसावे लागतात. तोच मारा चौघांत सारखा वाटला तर चौघेही चौथ्या फेरीला पडतात, पण तोवर तीन फेऱ्या पूर्ण ताकदीने मारून १२० चे नुकसान करून जातात. अर्धमेला शत्रू पूर्ण जोराने मारतो. बहुतेक खेळांत जखमेने हात ढिला पडत नाही.

दुसरे, सूत्र ओळखावे. जुन्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये मूळ घाव म्हणजे हल्ल्याचा अर्धा भाग वजा बचावाचा चौथा भाग. हल्ला ४० आणि शत्रूचा बचाव ४० असेल तर घाव १०. तलवार बदलून हल्ला ५० केला की घाव १५. हल्ला पाव हिश्शाने वाढला, घाव निम्म्याने. वजाबाकीच्या सूत्रात थोड्या बऱ्या शस्त्राचाही फरक डोळ्यांत भरतो, आणि हलके अनेक घाव जाड कातडीच्या शत्रूपुढे शून्यावर येतात. गुणाकाराच्या सूत्रात तसे होत नाही. ‘पोकेमॉन’मध्ये स्वतःच्या प्रकारची चाल दीडपट लागते, त्या चालीपुढे दुबळ्या प्रकारावर दुप्पट, तिला दाद न देणाऱ्या प्रकारावर निम्मी. आगीच्या पोकेमॉनने आगीची चाल गवतावर टाकली तर तिप्पट, पाण्यावर टाकली तर पाऊणपट. चार लेव्हल (अनुभवाने मिळणाऱ्या बळाच्या पायऱ्या) वाढवण्यापेक्षा योग्य पोकेमॉन पुढे करणे स्वस्त पडते ते यामुळे.

शक्यता वाचताना माणसाचा अंदाज हमखास चुकतो. ९० टक्के नेम असलेले तीन वार सलग लागण्याची शक्यता ७३ टक्क्यांहूनही किंचित कमी असते. वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त हवे असतील तर यश ६५ टक्के. ‘ॲडव्हान्टेज’ मिळवून दोन फासे टाकले आणि मोठा धरला तर जवळजवळ ८८. म्हणून उंचावर जाणे, लपून वार करणे, शत्रूला आडवा पाडणे यांत गेलेली चाल वाया जात नाही. काही खेळ माणसाच्या या समजुतीला सांभाळून घेतात. ‘फायर एम्ब्लेम’च्या २००२ पासूनच्या काही भागांत नेम ठरवताना दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी धरली जाते, त्यामुळे पडद्यावरचे ९० प्रत्यक्षात ९८ टक्क्यांच्या आसपास असते. खोटेच, पण खेळाडूला तेच खरे वाटते.

बफ, म्हणजे आपले बळ वाढवणारा मंत्र, घ्यावा की वार करावा, याचे उत्तर सोप्या भागाकारात आहे. एकाच साथीदाराचा हल्ला पाव हिश्शाने वाढवणारा मंत्र त्याच्या चार वारांनंतर फिटतो. चौघांचा वाढवणारा एका फेरीत. किरकोळ टोळी दोन फेऱ्यांत संपणार असेल तर पहिला मंत्र निव्वळ तोटा आहे, बॉसपुढे, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूपुढे, मात्र दुसऱ्याशिवाय चालत नाही. झोप, मौन, अंधत्व असे परिणाम बॉसवर चालत नाहीत असे खेळाडू धरून चालतात आणि वापरूनच पाहत नाहीत. एकदा पाहावे. ‘फायनल फँटसी ६’मधली भुताची आगगाडी मृतांत मोडते, आणि मेलेल्यांना उठवणारे फिनिक्स डाउन तिच्यावर टाकले की बॉस असूनही ती एका फटक्यात संपते.

एकाग्रतेचे मंत्र ही ‘बाल्डर्स गेट ३’मधली वेगळी बाब. एका पात्राला असा एकच मंत्र चालू ठेवता येतो, आणि प्रत्येक घावानंतर तो टिकवण्यासाठी फासा टाकावा लागतो. लागणारा आकडा १० किंवा घावाच्या निम्मा, यांपैकी मोठा असतो. शत्रूच्या जादूगाराचा मंत्र तोडायचा तर एका मध्यम घावापेक्षा तीन किरकोळ घाव बरे, कारण तीनदा फासा पडतो.

पात्रांची घडण

गुण सगळीकडे सारखे वाटणे ही सर्वांत सामान्य चूक. प्रत्येक पात्राला एक मुख्य काम आणि एक जोडकाम असावे. पार्टीत मार खाणारा, मार देणारा, बरे करणारा आणि कुलपे व बोलणी सांभाळणारा इतके असले की भागते. लढाया उकरून लेव्हल वाढवणे, म्हणजे ग्राइंडिंग, हे रामबाण समजले जाते, पण ‘फायनल फँटसी ८’मध्ये (१९९९) शत्रूंची लेव्हल पार्टीच्या सरासरीबरोबर वाढते, तिथे बळ येते ते पात्रांच्या गुणांना मंत्र जोडल्याने. बॉसपुढे तीनदा हार झाली तर लेव्हलआधी चिलखत, प्रतिकार आणि पार्टीतली माणसे बदलून पाहावीत.

औषधांचा साठा ही उलट्या बाजूची चूक. शेवटच्या बॉससाठी राखलेल्या दुर्मीळ बाटल्या खेळ संपताना जशाच्या तशा पिशवीत असतात. दर प्रकारच्या दोन-तीन राखून बाकीच्या वापरल्या तर अडत नाही.

कथेतले निर्णय

कथा आणि लढाई यांना वेगळे समजणारा खेळाडू दोन्हीकडे अडखळतो. ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये (१९९५) सुरुवातीच्या जत्रेत परक्याचे जेवण खाल्ले तर पुढच्या खटल्यात तो साक्षीला उभा राहतो. पडद्यामागे असे प्रसंग ‘फ्लॅग’ म्हणून नोंदले जातात, आणि फ्लॅग लागल्याची सूचना खेळ देईलच असे नाही. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये रात्रीच्या मुक्कामाला सर्वसाधारण काठिण्यावर ४० इतकी शिधासामग्री लागते, म्हणून काटकसरी खेळाडू मुक्काम टाळतात. साथीदारांच्या गोष्टी मात्र बऱ्याचशा तळावरच पुढे सरकतात. शिधा उरतो, माणसे अनोळखी राहतात.

संवादातली परीक्षा हरणे म्हणजे खेळ बिघडणे नव्हे. ‘डिस्को एलिझियम’मध्ये (२०१९) नेहमीची लढाई नाहीच, २४ कौशल्ये आणि दोन फासे यांवर सगळे चालते. पांढरी परीक्षा हुकली तर ते कौशल्य वाढवून पुन्हा देता येते, लाल एकदाच. आणि त्या खेळात हरल्यावर येणारे प्रसंग जिंकण्याइतकेच, कधीकधी जास्त रंगतात. प्रत्येक फाशाआधी सेव्ह करून हवा तो आकडा येईपर्यंत मागे जाणाऱ्याला ते दिसतच नाहीत.

सेव्ह

तरीही सेव्ह करावेच, फक्त वेगळ्या कारणासाठी. किमान तीन स्लॉट, म्हणजे सेव्हच्या वेगळ्या जागा, फिरवत ठेवावेत: आजचा, मागच्या बैठकीचा आणि प्रकरण सुरू होण्यापूर्वीचा. एकाच स्लॉटवर पुन्हापुन्हा लिहिणारा खेळाडू बॉसच्या दाराशी अर्ध्या जिवाने, औषधांविना अडकतो आणि मागे फिरायला वाट नसते. ऑटोसेव्हवर भिस्त नको. तो नेमका चुकीचा निर्णय झाल्यावर होतो. “यापुढे परतता येणार नाही” असा इशारा आला की नव्या स्लॉटमध्ये सेव्ह करून अर्धवट कामे आधी उरकावीत.

दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंतर परतताना गोंधळ कथेपेक्षा चालींचा होतो. पुढच्या बॉसकडे जाण्याआधी कामांची नोंदवही वाचावी, प्रत्येक पात्राची कौशल्यांची यादी उघडून पाहावी आणि एखाद्या जुन्या, सोप्या जागी दोन लढाया खेळाव्यात. त्या दोन लढायांतही हात बसला नाही, तर जुना सेव्ह उघडून मागचा बॉस पुन्हा हरवणे सोयीचे पडते.