कीटकांची ओळख : गण आणि कुल

कीटकाची शरीररचना पाहून तो कोणत्या गणातला (मोठ्या गटातला) आणि कोणत्या कुलातला (गणातल्या लहान गटातला), हे ठरवण्याची पद्धत. नेमकी जाती ठरवणे हे बहुधा तज्ज्ञाचे काम असते. गण मात्र नुसत्या डोळ्यांनी ठरवता येतो आणि पुष्कळदा कुलही दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने कळते. कीटकांचे सुमारे ३० गण मानले जातात. १७५८ मध्ये कार्ल लिनीअस यांनी पंखांच्या ठेवणीवरून ७ गण पाडले होते. त्यांची बहुतेक नावे आजही चालतात, कारण पंख हेच अजूनही गण ओळखण्याचे सर्वांत सोयीचे लक्षण आहे.

कुल कळले की किडा काय खातो, त्याची अळी कुठे वाढते आणि नुकसान कोण करते, याचा बराच अंदाज येतो. कोकणातल्या नारळबागांत दोन मोठे भुंगे आढळतात. गेंड्या भुंगा काळा व जाडजूड असून त्याच्या डोक्यावर शिंग असते. त्याच्या शृंगिकेच्या (डोक्यावरच्या मिशीच्या) टोकाला मिटता-उघडता येणाऱ्या पातळ पाकळ्या असतात. ही शेणकिडे आणि हुमणी यांच्या स्कॅरॅबिडी कुलाची खूण आहे. सोंड्या भुंगा तांबूस तपकिरी असतो. त्याचे डोकेच पुढे लांबून सोंड झालेली असते, तोंड सोंडेच्या टोकाला असते आणि कोपरात वाकलेल्या शृंगिका सोंडेवरच उगवतात. हा कर्क्युलिओनिडी कुलातला. गेंड्याची अळी सहा पायांची, वाकलेली असून शेणखताच्या खड्ड्यात वाढते. झाडाचे नुकसान प्रौढ भुंगा करतो आणि त्याने पोखरलेली पाती उमलल्यावर त्रिकोणी कापलेल्या दिसतात. सोंड्याची अळी बिनपायाची असून खोडाच्या आत राहते आणि तीच माड मारते. त्यामुळे एकाचा बंदोबस्त खताच्या खड्ड्यापासून सुरू होतो, दुसऱ्याचा खोडापासून. गेंड्याने केलेल्या जखमांत सोंड्या अंडी घालतो, म्हणून दोन्ही भुंगे एकाच झाडावर सापडले तरी त्यांना एक समजू नये.

आधी काय पाहावे

पहिला प्रश्न, तो कीटकच आहे का. डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग, वक्षाला सहा पाय आणि शृंगिकांची एक जोडी असेल तर तो कीटक. कोळी व गोचीड यांना आठ पाय असतात आणि शृंगिका नसतात. दुसरा प्रश्न, तो प्रौढ आहे का. बहुतेक ओळखकिल्ल्या (एकेक लक्षण विचारत ओळखीपर्यंत नेणाऱ्या प्रश्नमालिका) प्रौढांसाठीच लिहिलेल्या असतात. ढेकणाच्या (घरातल्या नव्हे, बागेतल्या पंखवाल्या) किंवा नाकतोड्याच्या पिल्लाला पंख पूर्ण आलेले नसतात, पाठीवर पंखांची आखूड पाळी तेवढी दिसते. अशा पिल्लाला ‘बिनपंखी’ म्हणून किल्लीत पुढे नेले की शेवटपर्यंत चुकीचीच वाट लागते. नुकतीच कात टाकलेला कीटक फिकट असतो, म्हणून रंगावर भिस्त ठेवू नये. आकारमानावर तर नाहीच.

मग पंख. पुढचे पंख कठीण असून पाठीवर मधोमध सरळ रेषेत जुळत असतील तर तो भुंगेऱ्यांचा गण, कोलिऑप्टेरा. पुढच्या पंखांचा बुडाकडचा भाग चिवट, टोकाचा भाग पातळ आणि दोन्ही पंख एकमेकांवर चढलेले असतील तर तो ढेकणांचा गण, हेमिप्टेरा. फसगत इथेच जास्त होते. स्क्युटेलेरिडी कुलातील चकचकीत हिरव्या-निळ्या ढेकणांचा पाठीवरचा त्रिकोण इतका वाढलेला असतो की सगळे उदर झाकले जाते आणि किडा हुबेहूब भुंगेरा दिसतो. पाठीवर मधली रेघ नसेल तर किडा उलटा करून तोंड पाहावे. भुंगेऱ्याला चावणारे जबडे असतात, ढेकणाला टोचून रस ओढणारी सोंड. याच सोंडेवरून मित्र की शत्रू हेही बरेचसे कळते. रिड्युव्हिडी या शिकारी कुलात ती आखूड, वाकडी व तीन पेरांची असते. वनस्पतींचा रस पिणाऱ्यांत ती सहसा सरळ, चार पेरांची आणि पोटाखाली दुमडलेली असते.

पंखांची एकच जोडी आणि मागच्या पंखांच्या जागी गुंडीसारखे संतोलक असतील तर डिप्टेरा, म्हणजे माश्या व डास. पिठ्या ढेकणाच्या नरालाही एकच जोडी असते, पण त्याच्या उदराच्या टोकाला लांब मेणाचे तंतू असतात आणि तोंड कामाचे नसते. पांढरी माशी ही माशी नव्हे. तिला पांढऱ्या भुकटीने माखलेले चार पंख असतात आणि ती मावा-तुडतुड्यांबरोबर हेमिप्टेरात मोडते. सिर्फिडी कुलातील माश्या मधमाशीचे सोंग घेतात, परंतु त्यांना पंखांची एकच जोडी आणि अगदी आखूड शृंगिका असतात. मधमाश्या, गांधीलमाश्या व मुंग्या यांच्या हायमेनॉप्टेरा गणात चार पातळ पंख असतात. मागचे पंख लहान असून बारीक आकड्यांनी पुढच्यांना अडकवलेले असतात, म्हणून घाईत दोनच दिसतात.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारी पंखवाली वाळवी आणि पंखवाली मुंगी यांतला फरक कंबर पाहून ठरवावा. मुंगीची कंबर बारीक, शृंगिका कोपरात वाकलेल्या आणि पुढचे पंख मोठे असतात. वाळवीला कंबर नसते, शृंगिका मण्यांच्या माळेसारख्या सरळ आणि चारही पंख सारखे व शरीराहून बरेच लांब असतात. वाळवीसाठी पूर्वी स्वतंत्र गण होता. आता तिची गणना झुरळांच्या गणात, ब्लॅटोडियात होते.

कुलापर्यंत

भुंगेऱ्यांत कुल ठरवताना गुल्फ, म्हणजे पायाचा टोकाकडचा पेरेदार भाग, फार उपयोगी पडतो. पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायाची पेरे क्रमाने लिहितात. कॅरॅबिडी या जमिनीवरच्या शिकाऱ्यांत ५-५-५. तूर-मुगाची फुले खाणाऱ्या आणि अंगाला लागल्यास फोड आणणाऱ्या मेलॉइडी कुलात ५-५-४, शिवाय मऊ पंख, बारीक मान आणि दुभंगलेल्या नख्या. पानभुंगेरे व लांब शृंगिकांचे खोडकिडे यांत ४-४-४ दिसतात, पण पेरे खरी पाचच असतात. चौथे पेर तिसऱ्याच्या खोबणीत लपलेले असते. भिंग धरून मागच्या पायाची पेरेही मोजावीत. पुढचाच पाय मोजून थांबले की ५-५-४ आणि ५-५-५ एकमेकांत मिसळतात.

नाकतोड्यांच्या ऑर्थॉप्टेरा गणात शृंगिकांची लांबी आणि कानाची जागा पुरते. अ‍ॅक्रिडिडी या टोळांच्या कुलात शृंगिका आखूड, कान उदराच्या पहिल्या खंडावर. लांब शृंगिकांच्या नाकतोड्यांच्या टेटिगोनिडीत व रातकिड्यांच्या ग्रिलिडीत शृंगिका शरीराएवढ्या किंवा जास्त लांब, कान पुढच्या पायाच्या नडगीवर. मादीची अंडी घालायची नळी टेटिगोनिडीत तलवारीसारखी चपटी, ग्रिलिडीत सुईसारखी गोल. फुलपाखरांत निम्फॅलिडी कुलाचे पुढचे पाय खुरटलेले असतात, बसल्यावर चारच पाय टेकतात. ब्ल्यू मॉरमॉन हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू पॅपिलिओनिडीतले, त्याचे सहाही पाय पूर्ण असतात.

अळ्यांसाठी वेगळी लक्षणे लागतात. पतंग-फुलपाखरांच्या अळीला पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात आणि त्यांच्या तळव्यांवर बारीक आकडे असतात. मोहरीवरची काळी अळी दिसायला तशीच, परंतु तिच्या मांसल पायांच्या आठ जोड्या आहेत व आकडे नाहीत. ती हायमेनॉप्टेरातली आहे. पतंगांच्या अळ्यांवर चालणारे बीटी कुर्स्टाकी जिवाणू तिच्यावर चालत नाहीत. फवारणी फुकट जाण्याआधी पाय मोजलेले बरे.

नमुना ठेवताना

अळ्या थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर काळ्या पडतात. आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात धरून मग ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. फुलपाखरे अल्कोहोलमध्ये कधीच घालू नयेत, पंखांवरचे खवले जातात. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखातून, ढेकणाला पाठीवरच्या त्रिकोणात उजवीकडे आणि माशीला वक्षात मध्यरेषेच्या उजवीकडे टोचतात. त्यामुळे निदान डावी बाजू अखंड राहते. शृंगिकेचे शेवटचे पेर तुटलेले असेल तर पेरांची मोजणी खोटी ठरते, म्हणून दोन्ही बाजू तपासाव्यात. छायाचित्रावरून ओळख करायची असल्यास वरून, बाजूने, समोरून आणि पोटाकडून अशी चार चित्रे घ्यावीत. नुसत्या पाठीच्या चित्रावरून पुष्कळदा गणही ठरत नाही. टाचणीखालच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि यजमान वनस्पती (किडा जिच्यावर जगतो ती) लिहावी. काही फुलपाखरे व भुंगेरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत आहेत, ती परवानगीशिवाय पकडता येत नाहीत. अशांची ओळख जागेवरच, भिंगाने किंवा छायाचित्राने करावी.