फ्लक्स कोअर की गॅस? आधी पोलॅरिटी बघा

"फ्लक्स कोअरने नुसता स्पॅटर (वितळलेल्या धातूचे शिंतोडे) उडतो, टाका धड बसत नाही, त्यापेक्षा गॅसच घ्या." घरच्या घरी वेल्डिंग करून गेट, स्टँड, टेबलाची फ्रेम बनवणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की उत्तर पाठ झालंय: मशीनचं झाकण उघडा आणि गनची केबल पॉझिटिव्हला लावलीय की निगेटिव्हला (हीच पोलॅरिटी) ते बघा. बहुतेकदा ती गॅसच्या वेळी होती तिथेच असते.

गॅसवालं मिग (गनमधून वायर आपोआप पुढे येते ते वेल्डिंग), म्हणजे वर्कशॉपमध्ये ज्याला कार्बन डायऑक्साइडवरून सीओटू म्हणतात ते, तुम्हाला माहीत आहेच. तांब्याचा मुलामा दिलेली भरीव वायर, नोझलमधून गॅस, स्वच्छ टाका. पुढे जाऊ.

फ्लक्स कोअरची वायर पोकळ असते, पोटात भुकटी. ती जळताना गॅस सोडते आणि टाक्यावर स्लॅगचा, म्हणजे कडक मळीचा, थर धरते. साध्या वेल्डिंगच्या रॉडवरचं आवरण हेच काम बाहेरून करतं. म्हणून सिलेंडर लागत नाही. पण हे सगळ्याच फ्लक्स कोअरला लागू नाही. ई७१टी-११ किंवा ई७१टी-जीएस लिहिलेली वायर बिनगॅसची. ई७१टी-१ ला बाहेरून गॅस द्यावाच लागतो, नाहीतर टाक्याला भोकंच भोकं पडतात. रिळावरचं लेबल न वाचता वायर आणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

आता मुख्य घोळ. भरीव वायर आणि गॅस असेल तर गन पॉझिटिव्हला, अर्थ क्लॅम्प (जोडायच्या लोखंडाला लावायचा चिमटा) निगेटिव्हला. बिनगॅसची फ्लक्स कोअर असेल तर बरोबर उलट: गन निगेटिव्हला, क्लॅम्प पॉझिटिव्हला. क्लॅम्प म्हणजे निगेटिव्हच असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे वायर बदलली तरी केबल बदलायचं कुणाला सुचत नाही. पण आतली भुकटी त्या एकाच दिशेच्या करंटसाठी बनवलेली असते. उलट्या पोलॅरिटीवर आर्क (वायरच्या टोकाशी पेटणारी ठिणगी) फटफटतो, जोडायच्या लोखंडावर सगळीकडे मोहरीएवढे गोळे चिकटतात, स्लॅग खरवडून काढावा लागतो. केबल बदलली की तीच वायर, तीच सेटिंग, पण आवाज एकसारखा होतो आणि स्लॅग चिपिंग हॅमरच्या दोन टोल्यांत सुटतो.

बदलायचं कसं? मशीन बंद करा, प्लग काढा, रिळाच्या बाजूचं झाकण उघडा. बऱ्याच मशीनमध्ये वायर पुढे ढकलणाऱ्या फीडरजवळ + आणि − च्या खुणा असलेले दोन बोल्ट दिसतात. एकावर गनची केबल, दुसऱ्यावर क्लॅम्पची. नट सोडवा, अदलाबदल करा, पुन्हा घट्ट आवळा. सैल राहिलं तर ते टोक तापून काळं पडतं. काही मशीनला हे काम समोरच्या सॉकेटमध्ये, बाहेरूनच होतं. नुसत्या फ्लक्स कोअरसाठी बनवलेल्या बऱ्याच मशीनमध्ये मात्र ही सोयच नसते, गॅसची नळी जोडायची जागाही नसते. "पुढे कधीतरी गॅस लावू" म्हणून असलं मशीन घेऊ नका.

उलटी चूक जास्त वाईट. फ्लक्स कोअरवरून गॅसवर परत आलात आणि केबल तशीच राहिली, तर भरीव वायरचा टाका वर वर बसतो, आत शिरत नाही. ग्राइंडर फिरवून रंग दिला की कुणाला काही कळत नाही, आणि वजन आलं की सुटतो.

बाकीचे फरक किरकोळ. फ्लक्स कोअरला फीडरमध्ये दातेरी रोलर, दाब कमी, नाहीतर वायर चेपते. स्लॅग होत असेल तर गन ओढत न्या. गॅसवर ढकलली तरी चालते. ताकदीवरचा वाद सोडून द्या: ई७१टी-११ काय आणि ईआर७०एस-६ ही भरीव वायर काय, दोन्ही चौरस इंचाला ७०,००० पौंडांच्या वर्गातल्या.

निवड ठरते पत्र्याच्या जाडीवर आणि वाऱ्यावर. एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा असेल तर ०.६ मिलिमीटरची भरीव वायर आणि गॅस. तिथे फ्लक्स कोअरने भोकं पाडून घेण्यात अर्थ नाही. उघड्यावर काम असेल तर फ्लक्स कोअर. साध्या झुळकीनेही गॅस उडून जातो आणि टाक्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं येतात. त्यावर काहीजण गॅस वाढवायला सिलेंडरचा रेग्युलेटर पिळत सुटतात. मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतात. फार वाढवलं की प्रवाह घुसळतो आणि उलट बाहेरची हवा आत ओढतो. शुद्ध आर्गॉन साध्या लोखंडाला लावणारेही भेटतात. तो ॲल्युमिनियमसाठी ठेवा. लोखंडाला सीओटू किंवा आर्गॉन-सीओटूचं मिश्रण.

थोडाफार गंज फ्लक्स कोअर चालवून घेते, रंग आणि जस्ताचा थर नाही. तो दोन्हीकडे घासूनच काढायचा. जस्ताच्या धुराने ताप भरतो, आणि फ्लक्स कोअरचा स्वतःचा धूर मुळातच जास्त, त्यामुळे बंद खोलीत ती नकोच.

मला विचाराल तर दोन्ही चालतील असं मशीन घ्या. शेडमधली कामं गॅसवर करा, आणि बाहेरच्या कामासाठी फ्लक्स कोअरचं एक किलोचं छोटं रीळ ठेवा, मोठं नको. काम झालं की ते मशीनमधून काढून हवाबंद पिशवीत टाका; भुकटी ओल धरते, आणि मग पोलॅरिटी बरोबर असूनही टाक्याला छिद्रं पडतात.