जॉर्जियन घर म्हणजे फिकट भिंती? नाही!

जॉर्जियन शैलीत, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातल्या शैलीत, घर सजवायचं तर भिंती फिकट, मळकट हिरव्या-करड्याच हव्यात, हा समज कित्येक वर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. इंग्लंडमध्ये १७१४ ते १८३० या काळात रंगवलेल्या भिंती मंद दिसतात, कारण जवसाच्या तेलातला रंग काळानुसार पिवळा पडतो आणि काही रंगद्रव्यं उडून जातात. रंगाचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा खाली झगझगीत छटा सापडल्या. लंडनमधलं वास्तुविशारद जॉन सोन यांचं घर बघाच: दिवाणखाना लख्ख पिवळा, ग्रंथालय गडद लाल! महागडा रंग ऐपत दाखवायचा, शिवाय मेणबत्तीच्या उजेडात खुलायचा. जिने आणि नोकरांच्या खोल्यांना मात्र बहुधा स्वस्त, मातकट रंगच मिळे.